हवेशीर घरासाठी झरोक्यांची निवड



घर बांधावयास काढलेला गृहस्थ पायाच्या खोलीची चौकशी करतो, सिमेंट कोणत्या प्रतीचे घ्यावे हे चार ठिकाणी विचारतो, पुढच्या दाराला सागवान परवडेल की नाही याचा हिशेब मांडतो. खिडकीच्या वर आणि छताच्या खाली ठेवावयाच्या दीड-दोन फुटांच्या झरोक्याविषयी मात्र तो क्वचितच काही विचारतो. गवंडी ज्याला ‘व्हेंटिलेटर’ म्हणतात तो हा झरोका गवंड्याच्या आठवणीत राहिला तर ठेवला जातो, न राहिला तर भिंत तशीच पुरी होते. ठेवला गेला तरी पहिल्याच पावसाळ्यात त्यातून शिंतोडे येतात, कबुतरे घरटे करतात, डास शिरतात. आणि दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत त्यावर पुठ्ठा किंवा पत्र्याचा तुकडा ठोकला जातो. घर पुन्हा बंद होते.

या लहानशा उणिवेची किंमत कोण मोजतो? चुलीपाशी बसणारी गृहिणी, माजघराच्या कोपऱ्यात निजविलेले तान्हे मूल आणि महिनोन् महिने खोकला अंगावर काढणारे घरातील वडीलधारे माणूस. म्हणून झरोक्याची निवड हा केवळ गवंड्याचा किंवा सुताराचा प्रश्न नव्हे. तो कुटुंबाच्या आरोग्याचा, आणि म्हणूनच ग्रामपंचायतीच्या व शाळेच्याही विचाराचा प्रश्न आहे. या प्रश्नाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे, की झरोका असा निवडावा की तो बंद करण्याची वेळच घरच्या माणसांवर येऊ नये.

जुन्या घरांची सोय

आपल्याकडील जुनी घरे सर्वस्वी हवेशीर होती असे म्हणता येणार नाही. बाळंतिणीची खोली आणि धान्याची कोठी या बहुधा काळोख्याच असत. तरीही त्या घरांत हवा वर जाण्यास वाट होती. कोकणातील कौलारू घरात भिंतीचा माथा आणि छप्पर यांच्यामध्ये मोकळी जागा राहत असे आणि कौलांच्या सांध्यांतूनही हवा खेळत असे. मराठवाडा व सोलापूरकडील माळवदाच्या घरात धूर जाण्यासाठी व उजेड येण्यासाठी छतालाच भोक ठेवण्याची रीत होती. वाड्यांच्या मध्यभागी चौक असे. तापलेली हवा त्यातून वर निघून जाई आणि भोवतालच्या सोप्यांतून थंड हवा तिची जागा घेई.

सिमेंटचे सपाट छत आले आणि या वाटा एकदम बुजल्या. पक्के घर ही निःसंशय मोठी प्रगती होय. गळती गेली, उंदीर-घुशींचा उपद्रव कमी झाला, दर वर्षी छप्पर शाकारण्याचा खर्च वाचला. परंतु जुन्या छपराच्या फटींतून जे काम आपोआप होत असे, ते नव्या घरात मुद्दाम करून घ्यावे लागते, ही गोष्ट मात्र विसरली गेली. १९८५ साली सुरू झालेली इंदिरा आवास योजना आणि २०१६ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) यांमुळे खेडोपाडी पक्की घरकुले उभी राहिली. यांतील दुसऱ्या योजनेत स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचे घर अभिप्रेत आहे. एवढ्या आटोपशीर घरात जेथे स्वयंपाक, तेथेच अभ्यास आणि तेथेच झोप असते. साहजिकच अशा घरात झरोक्याचे महत्त्व प्रशस्त वाड्यापेक्षा कितीतरी अधिक आहे.

कोंडलेली हवा काय करते?

कोंदट खोलीत डोके जड होते, हा अनुभव सर्वांचा आहे. त्याचे मोजमाप जर्मनीतील आरोग्यशास्त्रज्ञ मॅक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये सुचविले. माणसाच्या श्वासातून कर्बद्विवायू बाहेर पडतो. खोलीतील हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण एक हजार भागांवर गेले, की ती हवा राहण्यास योग्य नाही असे समजावे, हा त्यांचा दंडक होता. एवढ्या प्रमाणात हा वायू स्वतः विषारी नसतो. मात्र तो साचला याचा अर्थ श्वासाबरोबरची वाफ, दुर्गंध आणि रोगजंतूही साचले, असा होतो.

साधे गणित करून पाहावे. तीन मीटर रुंद, साडेतीन मीटर लांब आणि तीन मीटर उंच अशा खोलीत साडेएकतीस घनमीटर, म्हणजे ३१,५०० लिटर हवा मावते. झोपलेली चार मोठी माणसे तासाला सुमारे ५० लिटर कर्बद्विवायू बाहेर टाकतात. दारे, खिडक्या आणि फटी पूर्ण बंद आहेत असे धरले, तर एका तासात त्या वायूचे प्रमाण दहा लाखांत सुमारे १,६०० भागांनी वाढते. बाहेरच्या हवेत ते आज ४२० भागांच्या आसपास असते. याचा अर्थ असा, की दिवा मालवल्यापासून अर्ध्या तासाच्या आतच पेटेनकोफर यांची मर्यादा ओलांडली जाते आणि पहाटेपर्यंतचे तास कुटुंब एकमेकांच्या उच्छ्वासावर काढते. प्रत्यक्षात दाराखालच्या फटीने थोडीफार हवा येते. पण दार-खिडकी जितकी नवी आणि घट्ट, तितकी ती फटही कमी.

यातील सर्वांत गंभीर धोका क्षयरोगाचा होय. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत येतात आणि बंद खोलीत बराच काळ तरंगत राहतात. १९५६ साली मद्रास येथे सुरू झालेल्या आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुविख्यात अभ्यासाने असे दाखवून दिले, की योग्य औषधे मिळाल्यास क्षयरोग्याचा उपचार आरोग्यधामाइतकाच घरीही यशस्वी होतो आणि त्यामुळे घरातील इतरांचा धोका वाढत नाही. औषध सुरू झाले की रोग्याची संसर्गक्षमता लवकर कमी होते. खरा धोका असतो तो निदानापूर्वीच्या दिवसांत, जेव्हा घरात क्षय आहे हे कोणालाच ठाऊक नसते. त्या दिवसांत औषध नसते, काळजी नसते, नाकातोंडाला रुमालही नसतो. भिंतीतला उघडा झरोका मात्र त्या दिवसांतही आपले काम करीत असतो.

पेरू देशाची राजधानी लिमा येथील आठ रुग्णालयांतील खोल्यांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. दारे-खिडक्या पूर्ण उघडल्यावर तेथील हवा तासाला साधारणपणे २८ वेळा बदलत असे. उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या, पन्नास वर्षांहून जुन्या खोल्यांत हा आकडा सुमारे ४० होता, तर नव्या बांधणीच्या खोल्यांत सुमारे १७. नवे बांधकाम म्हणजे आपोआप अधिक आरोग्यदायी बांधकाम नव्हे, हाच त्याचा बोध होय.

मुंबईनेही हा धडा घेतलेला आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि दाट वस्तीत समुद्रावरचा वारा शिरावा यासाठी सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढण्यात आले. प्लेग दूषित हवेने नव्हे, तर उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे पुढे सिद्ध झाले. तथापि दाट वस्तीत हवा व उजेड पोहोचविण्याचा विचार चुकीचा नव्हता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील पुनर्वसन वसाहतींच्या पाहणीत, जेथे इमारती एकमेकींना अगदी खेटून उभ्या होत्या आणि घरांत वारा व सूर्यप्रकाश पोहोचत नव्हता, तेथे क्षयरोगाचे प्रमाण अधिक आढळले. तेव्हा झरोका ज्या जागेत उघडतो ती जागाही मोकळी असली पाहिजे. अरुंद, कोंदट बोळात उघडणारा झरोका अर्धेच काम करतो.

हवा कशी फिरते?

झरोक्याची निवड नीट करावयाची तर हवेच्या दोन सवयी ध्यानात घ्याव्यात. पहिली, हवा वाऱ्याच्या जोराने आत येते. पण समोरून बाहेर पडण्यास वाट असेल तरच. एकाच भिंतीला दोन खिडक्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर वारा दारापर्यंत येऊन परत फिरणाऱ्या पाहुण्यासारखा वागतो. दुसरी सवय अशी, की तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. वर वाट असल्यास ती निघून जाते आणि खालच्या वाटेने थंड हवा आत येते. वारा पूर्ण पडलेल्या रात्री ही दुसरी सवयच उपयोगी पडते.

तिचाही हिशेब करता येतो. आत येण्याच्या व बाहेर जाण्याच्या वाटा सारख्या आकाराच्या असतील, तर स्थापत्यशास्त्रात वापरला जाणारा ढोबळ नियम असा आहे : खालची वाट व वरची वाट यांच्यातील उंचीचे मीटर आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरकाचे अंश यांचा गुणाकार करावा, त्याचे वर्गमूळ काढावे, त्याला वाटेच्या चौरस मीटरमधील क्षेत्राने आणि सातने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे दर मिनिटाला बदलणारी हवा, घनमीटरमध्ये. मघाच्याच खोलीत पाव चौरस मीटरचा झरोका खालच्या वाटेपासून दीड मीटर उंचीवर आहे आणि रात्री आतली हवा बाहेरच्यापेक्षा चार अंशांनी गरम आहे, असे समजू या. मिनिटाला सुमारे ४.३ घनमीटर हवा बदलेल. म्हणजे सात-साडेसात मिनिटांत संपूर्ण खोलीची हवा नवी होईल. पंखा नाही, वीज नाही, खर्च नाही. तोच झरोका दीड मीटरऐवजी अर्धा मीटरच वर ठेवला, तर याच कामाला तेरा मिनिटे लागतील. झरोका उंच असावा असे जे म्हटले जाते, त्याचे कारण हे आहे.

किती मोठा?

१९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि २०१६ मध्ये सुधारलेल्या राष्ट्रीय इमारत संहितेत हवामानानुसार खिडक्या व झरोके यांच्या एकूण क्षेत्राचे प्रमाण दिलेले आहे. कोरड्या उष्ण प्रदेशात ते खोलीच्या जमिनीच्या क्षेत्राच्या किमान एक दशांश, दमट उष्ण प्रदेशात एक षष्ठांश आणि मध्यम हवामानात एक अष्टमांश असावे. विदर्भ-मराठवाड्याला पहिले, कोकणाला दुसरे प्रमाण लावता येईल. साडेदहा चौरस मीटरच्या खोलीला विदर्भात सुमारे १.०५, तर कोकणात १.७५ चौरस मीटर उघडी जागा हवी.

येथे एक फसगत होते, ती टाळली पाहिजे. हिशेबात धरावयाची ती चौकट नव्हे, तर प्रत्यक्ष उघडणारा भाग. सध्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांची चाल आहे. १.२ मीटर लांब-रुंद अशी खिडकी १.४४ चौरस मीटरची दिसते; परंतु दोन झडपा एकमेकींमागे सरकत असल्याने एका वेळी तिचा अर्धाच भाग, म्हणजे ०.७२ चौरस मीटर उघडतो. त्यावर डासांची जाळी बसविली आणि जाळीचे भोक १.२ मिलिमीटर व तार ०.३ मिलिमीटर असेल, तर तिच्या केवळ ६४ टक्के भागातून हवा जाते. उरते ०.४६ चौरस मीटर. विकत घेतलेल्या खिडकीचा जेमतेम तिसरा हिस्सा हवेच्या वाट्याला येतो. जाळी नको असा याचा अर्थ मुळीच नाही. हिवताप व डेंग्यू यांच्या काळात जाळी हवीच; मात्र जाळीमुळे घटलेली जागा झरोक्याने भरून काढावी, आणि जाळी सहज काढून धुता येईल अशी असावी. धूळ व जळमटांनी भरलेली जाळी ही भिंतच होय.

कोठे ठेवावा?

झरोक्याचा माथा छताच्या जितका जवळ जाईल तितका चांगला. तो शक्यतो खिडकीच्या समोरच्या भिंतीत असावा. समोरची भिंत घरातल्याच दुसऱ्या खोलीची असेल, तर मधल्या दाराच्या वर झरोका ठेवावा. अनेक घरांत बाहेरच्या भिंतींना खिडक्या असतात, पण मधल्या भिंती आढ्यापर्यंत बंद असतात. रात्री मधले दार लावले की हवेची वाट तुटते. दारावरचा हा झरोका कमी खर्चाचा असून त्याला पाऊस, चोर किंवा डास यांची भीती नसते.

भूकंपप्रवण भागात एक पथ्य पाळले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने भिंती एकसंध बांधण्याचे महत्त्व महाराष्ट्राला कळले. दार-खिडक्यांच्या माथ्यावरून भिंतीत फिरणारी सळयांची सलग काँक्रीट पट्टी झरोक्यासाठी तोडू नये. झरोका या पट्टीच्या वर आणि छताच्या खाली ठेवावा. तसेच तो भिंतीच्या कोपऱ्याला खेटून नसावा.

कोणता निवडावा?

सिमेंटची जाळी सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ असते. तिला बिजागरी नाही, काच नाही, चोराची भीती नाही. परंतु ती कधीच बंद करता येत नाही आणि तिचा बराच भाग भरीव असल्याने हवा कमी जाते. न्हाणीघर, कोठी आणि जिना यांसाठी ती योग्य होय.

मधोमध फिरणारी, दोरीने उघडणारी झडप जुन्या शाळांतून व कचेऱ्यांतून अनेकांनी पाहिली असेल. ती जवळजवळ पूर्ण उघडते, ही तिची जमेची बाजू. मात्र दोरी तुटली की ती आहे त्या स्थितीत वर्षानुवर्षे राहते, हेही तितकेच खरे. शिवाय तिला जाळी बसविणे अवघड जाते.

वरच्या काठाला बिजागऱ्या असलेली आणि बाहेरच्या बाजूस उघडणारी झडप पावसाळी प्रदेशासाठी उत्तम. उघडी असताना ती स्वतःच छपरासारखी काम करते. पाऊस निथळून बाहेर पडतो आणि हवा खालून आत येते. आतल्या बाजूने जाळी व गज बसविता येतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर हिची निवड करावी. त्यावर हातभर छज्जा असल्यास नैर्ऋत्येच्या झडीतही ती उघडी राहू शकते.

काचेच्या आडव्या पट्ट्यांची झडप हवेचे प्रमाण कमी-अधिक करण्यास सोयीची असते. तथापि तिच्या पट्ट्या बाहेरून निसटवता येतात, म्हणून तळमजल्यावर आतून गज हवेतच. पट्ट्यांचा उतार बाहेरच्या बाजूस आहे याची बसविताना खात्री करून घ्यावी. उलट बसविलेल्या पट्ट्या पावसाचे पाणी घरात आणतात.

कोणताही प्रकार घेतला, तरी शेवटी एकच कसोटी लावावी. जमिनीवर उभ्या असलेल्या घरातील स्त्रीला तो दोरीने किंवा काठीने उघडता-मिटता येतो काय? ज्याला शिडी लागते तो झरोका एकदा मिटला की मिटलाच.

स्वयंपाकघर आणि न्हाणीघर

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू ओढवले. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने लक्षावधी घरांत गॅस पोहोचविला. तरीही पाणी तापविण्यासाठी, भाकरीसाठी किंवा सिलिंडर संपल्यावर चूल पेटतेच. चुलीच्या नेमके वर, छतालगत झरोका असावा आणि समोर खाली हवा येण्यास वाट असावी. नुसता वर झरोका ठेवून दार लावून घेतल्यास धूर बाहेर न जाता खोलीतच घुटमळतो.

गॅसच्या बाबतीत एक भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. धूर व वाफ वर जातात. परंतु सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. वरचा झरोका त्याला बाहेर काढू शकत नाही. यासाठी स्वयंपाकघरात जमिनीजवळही बाहेर उघडणारी, जाळी लावलेली वाट असावी.

न्हाणीघरातील गॅसच्या बंबामुळे झालेल्या मृत्यूंच्या बातम्या हिवाळ्यात वाचावयास मिळतात. अपुऱ्या हवेत गॅस जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे बांधला जातो. स्नान करणाऱ्याला गुंगी येते आणि दार उघडण्याचेही त्राण उरत नाही. गॅसचा बंब न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसविणे हाच खात्रीचा उपाय होय. न्हाणीघरात झरोका असला म्हणजे बंब आत चालेल, असा समज कोणी करून घेऊ नये.

बाळंतिणीची खोली

बाळंतिणीला वारा लागू नये, ही घरोघरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांची काळजी मायेपोटी असते. तिची टवाळी करून काही साध्य होत नाही. परंतु वारा लागणे आणि हवा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खिडक्या-दारे बंद करून आत शेगडी पेटविली आणि धुरी दिली, की नवजात अर्भकाच्या कोवळ्या फुप्फुसांवर धुराचा भार पडतो. निखाऱ्यांतून तोच प्राणघातक वायूही निघतो. उंचावरचा झरोका येथे दोन्ही बाजूंचे समाधान करतो. खाटेवर थेट झोत येत नाही, आणि वरची हवा मात्र सतत बदलत राहते. शेगडी खोलीबाहेर पेटवून, निखारे पूर्ण फुलल्यावर थोडा वेळ आत आणावी, शेक संपताच बाहेर न्यावी आणि तेवढा वेळ झरोका व दार उघडे ठेवावे. आजीबाईंना हे पटवून देणे आशाताईंना व शिक्षिकांना अवघड नाही.

ऋतुमानाप्रमाणे वापर

विदर्भात वैशाखाच्या दुपारी बाहेरची हवा घरातल्यापेक्षा कितीतरी तापलेली असते. तेव्हा खिडक्या मिटून घ्याव्यात, झरोका थोडा किलकिला ठेवावा आणि सूर्यास्तानंतर सर्व वाटा पहाटेपर्यंत उघड्या ठेवाव्यात. भिंतींनी दिवसभर साठविलेली उष्णता रात्री निघून जाते. कोकणात बाराही महिने हवा खेळती हवी, अन्यथा भिंतींना ओल येते व कपड्यांना बुरशी चढते. थंडीत अर्धा उघडा झरोका पुरतो. शेजारी कचरा जळत असेल किंवा रस्त्यावर धुरळा उडत असेल, तर तेवढ्यापुरता झरोका मिटावा आणि नंतर आठवणीने उघडावा.

पंचायत आणि शाळा

हे सारे करावयाचे केव्हा? भिंत खिडकीच्या माथ्यापर्यंत आली असताना झरोक्याला काही विटा कमी लागतात, जास्त नव्हे. तीच भिंत पुरी होऊन गिलावा झाल्यावर झरोका पाडावयाचा तर छिन्नी, हातोडा, मजुरी आणि भिंतीला तडा जाण्याची धास्ती. घरकुलाचे अनुदान बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळते आणि त्या त्या टप्प्यावर पाहणी होते. खिडकीच्या माथ्याच्या टप्प्यावर पाहणीस जाणाऱ्या अभियंत्याने, ग्रामसेवकाने किंवा पंचायत सदस्याने एवढाच प्रश्न विचारावा : झरोका कोठे ठेवणार? या एका प्रश्नाने पुढील पन्नास वर्षांची हवा निश्चित होते.

शिक्षकांना तर हा विषय गणिताच्या तासालाच घेता येईल. सातवीच्या मुलांनी घरची खोली व खिडक्या टेपने मोजाव्यात, प्रत्यक्ष उघडणारा भाग वेगळा काढावा आणि जमिनीच्या क्षेत्राशी त्याचे प्रमाण काढावे. क्षेत्रफळ आणि अपूर्णांक यांचा याहून उपयुक्त पाठ दुसरा नसेल. विज्ञानाच्या तासाला उदबत्तीचा प्रयोग करावा. खोलीच्या मध्यभागी पेटलेली उदबत्ती धरून धूर कोणीकडे जातो ते पाहावे. तो वर जाऊन झरोक्यातून बाहेर निघाला तर घर श्वास घेते आहे. तो छताखाली घुटमळत राहिला तर कोठे तरी वाट अडली आहे. मुलाने घरी जाऊन हा प्रयोग आईवडिलांना दाखविला, तर शंभर भाषणांचे काम होईल.

जेथे जुना झरोका बंद केलेला आहे, तेथे नवा पाडण्याच्या खटपटीत न पडता आधी तो का बंद केला हे विचारावे. पाऊस येत असेल तर छज्जा किंवा वरून उघडणारी झडप, डास येत असतील तर जाळी, पक्षी येत असतील तर जाड तारेची चौकट, चोराची भीती असेल तर गज. कारण दूर केले की पुठ्ठा आपोआप निघतो.

घराची शोभा रंगाने वाढते आणि भक्कमपणा सळई-सिमेंटने येतो. त्या घरात निजलेल्या लेकराचा श्वास मात्र भिंतीच्या माथ्यावरील या हातभर जागेवर अवलंबून असतो. पुढच्या वेळी गावात नवी भिंत उभी राहताना दिसेल, तेव्हा जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक जाणत्या माणसाने क्षणभर थांबून वर पाहावे, आणि तेथे ती जागा ठेवली आहे की नाही, याची घरधन्याकडे आपुलकीने विचारपूस करावी.